बेस गिटारची खडखड: ती नेमकी कुठून येते आणि परत परत का येते

माझ्या चार तारांच्या बेस गिटारवर ए ही तार मोकळी छेडली की स्वरामागोमाग एक बारीक झणझणाट येत असे, आणि तीच तार पहिल्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीवर) दाबली की तो पूर्णपणे थांबत असे. दोन वर्षांत हा दोष तीनदा गेला आणि तीनदा परत आला. पहिल्या खेपेस मी नव्या तारा चढवल्या आणि ब्रिजवरची, म्हणजे धडावर तारा जिथे अडकवतात त्या आधारावरची, सॅडल (तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) थोडी उचलली. दुसऱ्या खेपेस एका दुकानातून नट (मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाशी असलेली, तारांसाठी खाचा पाडलेली पट्टी) नवा बसवून घेतला. तिसऱ्या खेपेस मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरवला. माझ्या बेसमध्ये त्याचे टोक मानेच्या बुडाशी असल्यामुळे तारा उतरवून मान सोडवावी लागली. प्रत्येक वेळी आवाज गेला, त्याचे श्रेय मी त्या त्या दुरुस्तीला दिले, आणि काही महिन्यांनी तारा बदलल्या की तोच झणझणाट त्याच तारेवर पुन्हा हजर होई. तिन्ही वेळा दुरुस्तीबरोबर ए तार उतरवून नव्याने गुंडाळलीही गेली होती, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

परत परत येणाऱ्या खडखडीच्या मुळाशी बहुधा असेच काहीतरी असते. एका बैठकीत तीन गोष्टी बदलल्या जातात, आवाज थांबतो, आणि त्या तिघींपैकी कोणती लागू पडली हे कधीच कळत नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्याचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की, आवाजाची जागा निश्चित होईपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागू नये, आणि त्यानंतरही एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आवाज खरोखर बेसमधून येतो का?

प्रमाणित सुरावटीत बेसची ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झवर वाजते. इतक्या खालच्या स्वरांची ऊर्जा खोलीतल्या सैल वस्तूंना सहज हलवते. आपल्याकडच्या घरांत लोखंडी कपाटाचे दार, त्याच्या वर ठेवलेली ट्रंक, सरकत्या खिडकीची काच, भिंतीवरच्या तसबिरी आणि फळीवरची स्टीलची भांडी या सगळ्यांचा आपापला एक स्वर असतो, आणि तेवढाच स्वर वाजला की ती वस्तू बोलू लागते. त्यामुळे एकाच स्वरावर खडखड येत असेल, तर बेसइतकाच खोलीवरही संशय घ्यावा. तालमीच्या खोलीत ड्रमचा स्नेअर असेल तर त्याच्या खालच्या तारांचा जाळीदार पट्टा बेसच्या स्वराने थरथरतो. त्याचा खटका सोडून ठेवला की पुष्कळदा सगळा प्रश्न तिथेच मिटतो.

यासाठी सर्वांत सोपी कसोटी म्हणजे हेडफोन. ॲम्प्लिफायरच्या हेडफोनच्या जागेतून, किंवा संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधून, फक्त कानात ऐकत तोच स्वर तितक्याच जोराने वाजवावा. कानात स्वर स्वच्छ येत असेल, तर तक्रार बेसची नसून खोलीची किंवा स्पीकरची आहे, किंवा बेसवरचा एखादा भाग असा सैल आहे की त्याचा आवाज पिकअपपर्यंत (तारेची हालचाल टिपून ॲम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या चुंबकी भागापर्यंत) पोहोचत नाही. खोली आणि ॲम्प्लिफायर यांची परीक्षा वेगळी करता येते. फोनवर शुद्ध स्वर काढणारी साधी ॲप्स मिळतात. फोन ॲम्प्लिफायरला जोडून ४० हर्ट्झपासून १०० हर्ट्झपर्यंत स्वर सावकाश चढवत न्यावा. खडखड तेव्हाही आली, तर बेस निर्दोष आहे. मग ॲम्प्लिफायरवर ठेवलेले सामान उचलावे, पुढची जाळी बोटाने दाबून पाहावी, मूठ, मागची पट्टी आणि स्पीकरचे स्क्रू घट्ट आहेत का ते तपासावे. हे सगळे करूनही स्पीकरमधून खरखर येत राहिली, तर स्पीकरचा कागद फाटला असेल किंवा त्याची कॉइल घासत असेल. ते काम स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा शोध निम्मा होतो. चुंबकीय पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात पोलादी तार हलते तेवढीच हालचाल त्याला कळते. म्हणून आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाची खुळखुळ किंवा पट्टा अडकवायच्या घुंडीची टकटक घरी शांततेत कितीही त्रास देत असली, तरी ती ॲम्प्लिफायरमधून सहसा येत नाही. उलट तार फ्रेटला, नटला किंवा पिकअपला लागत असेल, तर तारेचे कंपनच बिघडते आणि तो बिघाड स्पीकरमधून जसाच्या तसा ऐकू येतो. पहिल्या प्रकाराला मी सैल भागाची खडखड म्हणतो आणि दुसऱ्याला तारेची झणझण. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि पहिल्यावर दुसऱ्याचा उपाय केला की तारा विनाकारण उंच होऊन बसतात.

वहीत नकाशा काढणे

बेस आधी नीट स्वरात मिळवावा, कारण अर्धा स्वर उतरलेली तार सैल असते, अधिक रुंद डोलते आणि नसलेले दोष दाखवते. मग प्रत्येक तार मोकळी आणि त्यानंतर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर, एकाच जोराने, एकाच जागी छेडत वाजवावा. जिथे झणझण येते तो फ्रेट वहीत लिहावा आणि तिचा पोतही लिहावा. मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. तार धातूला घासली की झणझण येते, सैल धातू धातूवर आपटला की खुळखुळ येते, लाकूड किंवा प्लॅस्टिक थरथरले की घरघर येते, आणि तार पिकअपवर आदळली की टक असा एकच आवाज होतो. दहा मिनिटांची ही नोंद पुढचे कित्येक तास वाचवते.

नोंद वाचताना एक सूत्र उपयोगी पडते: दाबलेली तार सहसा दाबलेल्या फ्रेटच्या मागे लागत नाही, ती ब्रिजच्या दिशेच्या पुढच्या एखाद्या फ्रेटला लागते. एकच स्वर झणझणत असेल आणि त्याच्या आजूबाजूचे स्वच्छ असतील, तर त्याच्या लगतचा पुढचा फ्रेट उचलला गेला आहे किंवा दाबलेला फ्रेट झिजून खाली गेला आहे. पहिल्या पाच-सहा फ्रेटवर सर्वत्र झणझण असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढेच झणझण असेल, तर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, फार कमी आहे, किंवा मान जिथे धडाला मिळते तिथे फळी (फ्रेट बसवलेला मानेचा पुढचा भाग, फ्रेटबोर्ड) किंचित उंच झाली आहे. सगळीकडेच असेल तर तारा खाली आहेत. फक्त मोकळी तार बोलत असेल, तर नजर नटकडे वळवावी.

या नोंदीत एक फसवी गोष्ट हमखास सापडते. अनेक बेसवर, विशेषतः फेंडर या अमेरिकी कंपनीच्या धाटणीच्या मानेवर, जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. मान त्या स्वरावर स्वतःच कंप पावते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. ही खडखड नव्हे, आणि फ्रेट घासून किंवा तार उचलून ती जाणार नाही. हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाला, वजन अडकवले की ती जागा किंचित सरकते, एवढेच.

बोट ठेवून शोधणे

सैल भागाची खडखड शोधायला दोन माणसे असली तर बरे. एकाने दोषी स्वर सतत वाजवत राहावा, दुसऱ्याने बेसवरच्या प्रत्येक सुट्या भागावर एकामागून एक बोट दाबून धरावे. ज्या भागावर बोट ठेवताच आवाज थांबतो तो भाग सापडला. एकटे असाल तर एका हाताने तार छेडत राहून डाव्या हाताने मोकळ्या तारांच्या वेळी हेडस्टॉककडचे भाग तपासता येतात, आणि दाबलेल्या स्वरांसाठी त्या फ्रेटवर केपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून हात सोडवून घेता येतो.

सर्वाधिक वेळा गुन्हेगार ब्रिजवरच सापडतो. साध्या वाकवलेल्या पत्र्याच्या ब्रिजवर प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात. तारेचा सगळा भार त्यांपैकी एकावर गेला आणि दुसऱ्याचे टोक खालच्या पत्र्याला टेकलेच नाही, तर तो स्क्रू आपल्या आट्यांत खुळखुळतो. एलन कीने (षटकोनी चावीने) त्या स्क्रूला स्पर्श करताच ती खुळखुळ थांबते. उपाय म्हणून सॅडल आडवे सपाट दिसेपर्यंत दोन्ही स्क्रू टेकवावेत आणि दोघांनाही सारखा भार घेऊ द्यावा. अमेरिकेत बनलेल्या वाद्यांवर बहुधा इंचाच्या मापाची की लागते आणि आशियात बनलेल्यांवर मिलिमीटरची. जवळपास बसणारी की वापरली की स्क्रूचे षटकोनी भोक गोल होते आणि मग तो स्क्रू काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. वाजवण्याच्या थरथरीने हे स्क्रू हळूहळू उतरतात, म्हणून उंची पक्की ठरल्यावर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा. तो स्क्रूला धरून ठेवतो, आणि पुढे उंची बदलायची झाली तर कीच्या थोड्या जोराने सुटतोही.

सॅडलच्या मागे लांबीच्या स्क्रूवर एक स्प्रिंग असते. सॅडल मानेच्या दिशेने जितके पुढे, तितकी ती स्प्रिंग मोकळी. फार पुढे गेले की ती स्क्रूवर नुसती लोंबकळते आणि डी किंवा जी तारेच्या एखाद्या स्वराला किणकिण करू लागते. तेवढ्यासाठी इलेक्ट्रिशियनकडे मिळणाऱ्या तापवून आकसणाऱ्या नळीचा तुकडा स्प्रिंगवर चढवला तरी भागते, किंवा थोडी लांब स्प्रिंग घालावी.

हेडस्टॉकवर खुंट्यांचे स्क्रू, दातेरी चाकाच्या मधला स्क्रू आणि पुढच्या बाजूचा बुश तपासावा. बुश हा खुंटीच्या दांड्याभोवतीचा, लाकडात दाबून बसवलेला धातूचा कडा असतो. तो सैल झाला की तार चढलेली असताना दिसत नाही, कारण दांडा त्याला एका बाजूने टेकलेला असतो. तार उतरवून बोटाने हलवला तरच कळते. सैल असेल तर बाहेर काढून त्याभोवती कागदाची पातळ पट्टी गुंडाळावी आणि परत सरळ दाबून बसवावा.

बटणे, आउटपुट जॅक आणि व्हॉल्यूम-टोनचे पॉट (बटणांखालचे फिरणारे विद्युत भाग) यांचे षटकोनी नट बाहेरून घट्ट करताना मोठी काळजी घ्यावी. आतला भाग हाताने धरून न ठेवता बाहेरचा नट फिरवला, तर संपूर्ण जॅक आतल्या आत फिरतो, त्याच्या तारा पीळ खाऊन तुटतात, आणि मग खडखडीच्या जागी बेस मुका होतो. मागचे झाकण उघडून आतून धरूनच नट आवळावा. झाकण उघडले आहेच तर आतल्या वायरी पोकळीच्या भिंतीवर आपटत नाहीत ना, आणि सक्रिय बेस (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी तिच्या कप्प्यात हलत नाही ना, हेही पाहून घ्यावे. स्पंजचा एक तुकडा या दोन्हींना पुरतो. पट्ट्याच्या घुंडीचे भोक मोठे झाले असेल तर टूथपिकचे दोन-तीन तुकडे फेविकॉल लावून भोकात भरावेत, रात्रभर वाळू द्यावेत आणि सकाळी स्क्रू परत बसवावा.

यानंतरही मानेच्या आतूनच घरघर येत असेल, आणि मानेच्या मागच्या बाजूला तळहात दाबल्याने ती बदलत असेल, तर ट्रस रॉड पूर्ण सैल असण्याची शक्यता असते. ज्या रॉडवर काहीच ताण नाही तो आपल्या खोबणीत थरथरतो. दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या रॉडला तर मध्ये एक अशी जागा असते की तिथे तो कोणत्याच दिशेला ताणलेला नसतो. किंचित फिरवून त्यावर ताण आणला की घरघर थांबते, मात्र त्याने मानेचा बाक बदलतो, म्हणून लगेच पुढची मोजणी करावी.

मान, बाक आणि पावसाळा

बेसच्या चार तारा मिळून मानेवर साधारण ८० किलो इतका ताण देतात आणि ट्रस रॉड त्या ताणाला विरोध करतो. मान पूर्ण सरळ असून चालत नाही, कारण कंप पावणारी तार मधोमध सर्वांत रुंद डोलते आणि तिला तिथे जागा हवी असते. हा थोडासा बाक मोजण्यासाठी पहिल्या फ्रेटवर केपो लावावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबावी आणि आठव्या फ्रेटच्या माथ्याशी तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने मोजावी. साधारण ०.३ मिलिमीटर ही फट बहुतेक बेसना मानवते. हे फीलर गेज म्हणजे दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट जुळवायला वापरतात तेच, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. बाक ठरल्यावरच सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची मोजावी: ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ही सुरुवातीची मापे चांगली आहेत. जोरकस हाताच्या वादकाला थोडी अधिक लागेल. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सॅडल उचलले आणि मग मान दुरुस्त केली, तर तेच काम दोनदा करावे लागते.

ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो आवळतो आणि बाक कमी होतो. उलट दिशेने सैल होऊन बाक वाढतो. एका वेळी अष्टमांश फेरा, फार तर पाव फेरा. मग तारा पुन्हा स्वरात मिळवून काही तास थांबावे, कारण लाकूड सावकाश बसते. की घट्ट बसत नसेल किंवा रॉड सहज फिरत नसेल, तर तिथेच थांबून वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे बहुधा नवी मानच.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातल्या वादकांना दरवर्षी एक खास अनुभव येतो: मे महिन्यात स्वच्छ वाजणारा बेस जुलैत झणझणू लागतो आणि दिवाळीनंतर आपोआप बरा होतो. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्याबरोबर मानेचा बाक बदलतो. तो कोणत्या बाजूला बदलेल हे मानेचे लाकूड, फळीचे लाकूड आणि त्यांवरचा लेप यांवर अवलंबून असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या बेसला लागू पडलेला पाव फेरा आपल्याला उलटा पडू शकतो. माझ्या बेसची मान पावसाळ्यात पुढे वाकते. माझ्या एका मित्राच्या बेसची मागे जाते. म्हणून जून आणि नोव्हेंबर अशा वर्षातून दोन वेळा बाक मोजून वहीत लिहून ठेवतो. वातानुकूलित स्टुडिओतून काढून थेट दमट सभागृहात नेलेला बेस पहिल्या अर्ध्या तासात जे काही बोलतो त्यावरून कोणतीही दुरुस्ती करू नये. कोरड्या ऋतूत फळी आकसून फ्रेटची टोके बोटाला लागू लागली, तर तीही ओलाव्याचीच खूण समजावी.

एखादा फ्रेट उचललेला आहे का हे पाहण्यासाठी लगतच्या तीन फ्रेटवर पोलादी पट्टीची छोटी सरळ कड टेकवावी. ती मधल्या फ्रेटवर डुलत असेल तर तो फ्रेट उंच आहे. लाकडाच्या तुकड्याने तो दाबून धरला आणि झणझण थांबली, तर तो फक्त सुटलेला आहे आणि पातळ सुपरग्लूने, भोवतालची फळी चिकटपट्टीने झाकून, परत बसवता येतो. दाबूनही थांबली नाही, तर फ्रेट घासून समपातळीत आणावे लागतील. ते काम कारागिराचे आहे. घरी कानस घेऊन बसू नये, कारण घासलेला फ्रेट परत वाढत नाही.

ए तारेचे रहस्य

आता माझ्या बेसकडे परत येतो. मोकळी ए झणझणते, पहिल्या फ्रेटवर दाबली की थांबते, हा नकाशा सरळ नटकडे बोट दाखवत होता. पण नट नवा होता. त्याची खाच खोल नाही हे मी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पाहिले होते. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट शिल्लक होती. तार त्या फ्रेटला टेकली असती तर खाच खोल गेली असे ठरले असते.

एका संध्याकाळी टॉर्च हेडस्टॉकला समांतर, तिरपी धरून पाहिली. ई तार नटमधून निघून चांगल्या उतारावरून आपल्या खुंटीकडे जात होती. डी आणि जी या दोन्ही तारा हेडस्टॉकवरच्या गोल बटणाखालून, म्हणजे स्ट्रिंग ट्रीखालून, दाबून गेलेल्या होत्या. ए मात्र जवळजवळ आडवीच चालली होती, आणि खुंटीच्या दांड्याच्या वरच्या काठाशी एकच वेढा घेऊन थांबली होती. मी नट आणि खुंटी यांच्यामध्ये ए तारेवर अंगठा टेकवला आणि उजव्या हाताने तार छेडली. झणझणाट नव्हता. अंगठा उचलला, तो परत आला.

याचे कारण हेडस्टॉकच्या रचनेत आहे. १९५१ साली आलेल्या फेंडरच्या प्रिसिजन बेसवर आणि १९६० साली आलेल्या जॅझ बेसवर चारही खुंट्या एका रांगेत असतात, आणि हेडस्टॉक मागे कललेला नसून फळीला समांतर, फक्त थोडा खाली असतो. त्या धाटणीची असंख्य वाद्ये आज बनतात. अशा हेडस्टॉकवर तार नटवर घट्ट दाबली जायला हवी असेल, तर तिने खाली उतरत खुंटीकडे जायला हवे. ई ची खुंटी जवळ असल्याने तिला उतार मिळतो. डी आणि जी यांना स्ट्रिंग ट्री दाबते. ए ची खुंटी लांबही आहे आणि तिच्यावर काही दाबायलाही नाही. ती नटवर हलकेच टेकलेली राहते आणि मोठ्याने छेडली की खाचेत थरथरते.

तंबोरा जवळून पाहिलेल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग अशा उतरत्या घडणीचा करतात की तार त्याला अलगद घासत राहावी, आणि तिच्याखाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा साधली की जवारी खुलते. तार एखाद्या पृष्ठभागाला धड टेकलेलीही नाही आणि धड सुटलेलीही नाही, अशा अवस्थेत तो झंकार जन्मतो. तंबोऱ्यात तो प्राण आहे. बेसच्या नटमध्ये तीच अवस्था चुकून निर्माण झाली की मोकळी तार सतारीसारखी झंकारते आणि दाबलेली तार शांत असते. म्हणून नटची खाच खुंटीच्या दिशेला किंचित उतरती हवी, तिचा सर्वांत उंच बिंदू फ्रेटबोर्डाकडच्या काठावर हवा, आणि तारेचा दाब त्याच काठावर यायला हवा. धाग्याचा प्रयोग येथे उलट्या कामी येतो: खाचेत तारेखाली कागदाची बारीक पट्टी सरकवली आणि झणझण थांबली, तर दोष नटपाशीच आहे याची खात्री होते. मी अंगठ्याच्या कसोटीनंतर हाही प्रयोग केला आणि तोही तेच सांगत होता.

उपाय फुकटचा निघाला. जुनी ए तार एका वेढ्याइतकीच उरेल अशी आखूड कापलेली होती, त्यामुळे ती पुन्हा नीट गुंडाळण्यात अर्थ नव्हता. नवी तार घेतली, ती ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत ताणली, आणि खुंटीच्या पुढे सुमारे ११ सेंटिमीटर लांबी ठेवली. त्या जागी आधी तार काटकोनात पक्की वाकवली आणि मगच वाकाच्या पलीकडे कापली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी कापली तर आतल्या गाभ्यावरचे वेढे सुटू शकतात, आणि सुटलेल्या वेढ्यांची तार स्वतःच निर्जीव आणि खरखरीत वाजते. टोक दांड्याच्या मधल्या भोकात खोल घातले आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली बसेल असा बोटाने दाबत तीन वेढे घेतले. शेवटचा वेढा हेडस्टॉकच्या लाकडाजवळ आला आणि तिथून तार नटकडे स्पष्ट चढ घेत निघाली. झणझणाट थांबला, आणि त्यानंतर दोनदा तारा बदलूनही तो आलेला नाही.

ज्यांना नवी तार चढवूनही पुरेसा उतार मिळत नाही त्यांच्यासाठी ए तारेलाही दाबणारा, तीन तारांचा लांब स्ट्रिंग ट्री मिळतो. तो बसवायला हेडस्टॉकला भोक पाडावे लागू शकते, म्हणून आधी वेढ्यांचा उपाय करून पाहावा. नटची खाच खरोखरच खोल गेली असेल, तर त्यात हाडाची पूड आणि सुपरग्लू भरून ती पुन्हा कोरता येते, पण तो तात्पुरता निभाव आहे. नवा नट हाच पक्का उपाय.

सैल भाग, नट, फ्रेट आणि मान हे सगळे तपासूनही वरच्या फ्रेटवर ई तार टक करत असेल, तर शेवटच्या फ्रेटवर ती दाबून पिकअपपासूनचे अंतर पाहावे. ई बाजूला सुमारे ३ मिलिमीटर आणि जी बाजूला सुमारे २.५ मिलिमीटर ठेवले की तार पिकअपवर आदळत नाही. चुंबक फार जवळ असला तर तो तारेला खेचतो आणि स्वरात एक डळमळ निर्माण करतो, जी प्रथम ऐकताना खडखडीसारखीच वाटते. पिकअप खाली करताना त्याच्याखालची स्प्रिंग किंवा स्पंज इतका सैल होऊ देऊ नये की पिकअप हलू लागेल. हलणाऱ्या पिकअपची खुळखुळ मात्र ॲम्प्लिफायरमधून स्पष्ट ऐकू येते, आणि जुना स्पंज दबून गेलेला असेल तर तो बदलावाच.

माझ्या वहीत आता प्रत्येक वेळी तारा बदलल्याची तारीख, ए तारेच्या वेढ्यांची संख्या, आठव्या फ्रेटची फट आणि सतराव्या फ्रेटची उंची अशा चारच गोष्टी असतात. गेल्या जुलैत मोकळी ई किंचित झणझणली तेव्हा मी प्रथम ती वही उघडली. फट ०.३० वरून ०.१५ झाली होती. नेहमी पावसाळ्यात पुढे वाकणारी ही मान या वेळी मागे गेली होती, कारण मे महिन्यात मी जाड तारा उतरवून पातळ संच चढवला होता आणि ताण कमी झाला होता. रॉड अष्टमांश फेरा सैल केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, ०.२८ भरले, आणि ई स्वच्छ वाजू लागली.